अडखळणारी गाडी आणि न अडखळणारी प्रयोगवही



गेल्या पावसाळ्याच्या तोंडाशी घडलेली गोष्ट. रविवार घरी घालवून मी डोळखांबहून कॉलेजच्या गावी परत निघालो होतो. शहापूरजवळ गाडी मुंबई–नाशिक महामार्गावर घालायची होती. दूरवर एक ट्रक येताना दिसत होता, पण मधे जागा भरपूर होती. मी अ‍ॅक्सिलरेटर दाबला, आणि पुढे झेप घेण्याऐवजी गाडीने जणू श्वासच रोखला. एंजिनात क्षणभर जीव उरला नाही. मग एक गचका बसला आणि गाडी पुढे सुटली. तोपर्यंत ट्रकचा भोंगा अगदी कानाशी आला होता. हिशेब करून पाहा. ट्रकचा वेग ताशी ६० किलोमीटर धरला, तर एका सेकंदात तो जवळजवळ १७ मीटर पुढे येतो. म्हणजे एका सेकंदाचे अडखळणे ही काही किरकोळ कुरकुर नव्हे.

ही गाडी म्हणजे माझ्या वडिलांची प्रीमिअर पद्मिनी. तुमच्यापैकी पुष्कळांनी ती रस्त्यावर पाहिलीही नसेल. मुंबईत कुर्ल्याच्या कारखान्यात १९६४ पासून ही गाडी फियाट ११०० डी या नावाने तयार होत असे. पद्मिनी हे नाव तिला १९७४ मध्ये मिळाले. मुंबईची काळी-पिवळी टॅक्सी म्हटली की कित्येक वर्षे हीच गाडी डोळ्यांपुढे येई. तेथील शेवटची पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ च्या अखेरीस निवृत्त झाली. हिचे एंजिन चार सिलिंडरांचे, १०८९ घन सेंटिमीटरचे. आजच्या गाड्यांत एंजिनाला किती पेट्रोल द्यायचे हे एक छोटा संगणक ठरवतो. पद्मिनीत हे काम कार्ब्युरेटर करतो, आणि तेही केवळ हवेच्या दाबातील फरकांवर.

गाडी अडखळते हे कळल्यावर डोळखांबच्या नाक्यावर चहा पिता पिता मला चार निदाने मिळाली. एक म्हणाले, पेट्रोलमध्ये हल्ली इथेनॉल असते, त्याचा हा प्रताप. दुसरे म्हणाले, पावसाचे पाणी टाकीत गेले असणार. तिसऱ्यांच्या मते गाडी घाटात चढवली की विरळ हवेने असे होते. चौथे म्हणाले, प्लग बदला, दुसरे काही बघू नका. आणि पाचवा मी. एम.एस्सी. झालेला, वीस वर्षे पदार्थविज्ञान शिकवणारा. मी काय केले ते पुढे सांगतो. आधी कार्ब्युरेटरची ओळख करून घेऊ.

हवा पुढे, पेट्रोल मागे

आमच्याकडे भाताच्या खाचरातून पाणी खालच्या खाचरात सोडण्यासाठी बांधाला एक अरुंद तोंड ठेवतात. त्या तोंडाशी पाण्याचा वेग वाढलेला तुम्ही पाहिला असेल. कार्ब्युरेटरच्या नळीचा गळाही मधे असाच अरुंद केलेला असतो. एंजिन हवा ओढते तेव्हा गळ्यात हवेचा वेग वाढतो. आता, वेग वाढवायचा तर हवेला मागून ढकलणारा दाब पुढच्या दाबापेक्षा जास्त हवा. म्हणून गळ्यातला दाब बाहेरच्या दाबापेक्षा कमी होतो. हेच डॅनिएल बर्नूली यांनी १७३८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात द्रवांच्या संदर्भात मांडले. शेजारच्या लहान कुंडीतल्या पेट्रोलवर मात्र वातावरणाचा पूर्ण दाब असतो. त्या फरकामुळे पेट्रोल जेटच्या बारीक छिद्रातून वर येते आणि हवेत फवारले जाते.

हवा आणि पेट्रोल यांचे प्रमाण ठरलेले असते. एक ग्रॅम पेट्रोल पूर्ण जाळायला सुमारे १४.७ ग्रॅम हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वस्तुमान सुमारे ७४० ग्रॅम आणि एक लिटर हवेचे सुमारे १.२ ग्रॅम धरा. म्हणजे एक लिटर पेट्रोल जाळायला जवळजवळ नऊ हजार लिटर हवा लागते. गुणाकार स्वतः करून पाहा. पेट्रोल याहून फार कमी पडले, तर ठिणगी पडूनही मिश्रण नीट पेट घेत नाही.

आता अ‍ॅक्सिलरेटर एकदम दाबला की काय होते? गळ्याखालची झडप उघडते आणि हवा तत्काळ आत धावते. पण पेट्रोल हवेच्या सुमारे सहाशेपट घन. तेवढ्या चपळाईने त्याला वेग घेता येत नाही. शिवाय दुसरी एक गोष्ट घडते. झडप जवळजवळ बंद असताना आतल्या नळीत दाब बराच कमी असतो, आणि कमी दाबात पेट्रोलची वाफ सहज होते. झडप उघडताच आतला दाब वाढतो, त्यामुळे बाष्पीभवन मंदावते आणि पेट्रोलचा काही भाग नळीच्या भिंतींवर ओल्या थराच्या रूपाने बसतो. म्हणजे ज्या क्षणी एंजिनाला जास्त पेट्रोल हवे, नेमके त्याच क्षणी ते कमी पोचते.

ही उणीव भरून काढण्यासाठी कार्ब्युरेटरला एक छोटा पंप जोडलेला असतो. त्यात डायाफ्राम नावाचा लवचिक पडदा असतो. पाय पॅडलवर पडला की दांडीने हा पडदा दाबला जातो आणि पेट्रोलची एक बारीक धार थेट गळ्यात उडते. हवेने घेतलेली आघाडी भरून निघेपर्यंत ही धार वेळ निभावून नेते.

माझी चूक

हे सारे मला ठाऊक होते. फळ्यावर आकृती काढून मी ते कितीदा शिकवले आहे. गाडी अडखळते म्हणजे त्या क्षणी पेट्रोल कमी पडते, एवढे माझे निदान बरोबरही होते. पण पुढच्या रविवारी मी काय केले? प्लग घासून साफ केले, मिश्रणाचा स्क्रू अर्धा फेरा फिरवला, टाकीतले पेट्रोल काढून नवे भरले, आणि हे सर्व एकाच दुपारी. संध्याकाळी गाडी जरा बरी वाटली. दोन दिवसांनी पुन्हा तेच. कशाने बरी वाटली आणि कशाने पुन्हा बिघडली, हे मला सांगता येईना. तीन गोष्टी एकदम बदलल्यावर सांगता येणारही नव्हते. माझ्या एखाद्या विद्यार्थ्याने प्रयोगशाळेत असे केले असते तर मी त्याला वर्गाबाहेर काढले असते.

शेवटी गाडी गावातल्या एका मिस्त्रींकडे नेली. ते मोटारसायकली आणि गवत कापायची यंत्रे दुरुस्त करतात. त्यांनी पान्याला हातही लावला नाही. आधी विचारले, "सर, नेमकी कधी करते असं?"

"पिकअप घेताना," मी म्हणालो.

"दर वेळी? सावकाश दाबलं तरी? गरम झाल्यावर की थंड असताना? चढावर की सपाटीवर?"

मला उत्तरे देता येईनात. त्यांनी मला तशीच गाडी घेऊन परत पाठवले आणि सांगितले की बघून या, मग खोलू.

मग मी एक वही केली. आठ दिवस प्रत्येक फेरीला नोंद ठेवली. पॅडल एकदम दाबले तर गाडी दर वेळी अडखळे. सावकाश दाबले तर एकदाही नाही. ताशी ५० किलोमीटरच्या एकसारख्या वेगात तक्रार नाही. कसारा घाटात पूर्ण पॅडल दाबून चढतानाही नाही. एंजिन गरम असो वा थंड, फरक नाही.

या पाच ओळींनी नाक्यावरची चारही निदाने पारखता आली. विरळ हवेचे घ्या. घाटमाथा समुद्रसपाटीपासून सहाशे मीटरच्या आसपास, आणि हवेची घनता दर शंभर मीटरला सुमारे एक टक्क्याने घटते. म्हणजे फरक सहाएक टक्क्यांचा. शिवाय हवा विरळ झाली की पेट्रोल तुलनेने जास्त पडते, कमी नव्हे. आणि गाडी तर सपाटीवरच अडखळत होती. पाण्याचे म्हणाल, तर टाकीच्या तळाचे पेट्रोल काढून काचेच्या बाटलीत स्थिर ठेवले. खाली वेगळा थर दिसला नाही. प्लग खराब असते तर घाटात, जोर लागताना, त्यांनी आधी दगा दिला असता.

इथेनॉलचा आरोप मात्र विचार करण्यासारखा आहे. आपल्याकडे वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल २०२३ पासून मिळू लागले आणि २०२५ पर्यंत देशभर पसरले. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला जळायला कमी हवा लागते, ग्रॅममागे सुमारे ९ ग्रॅम. वीस टक्के मिश्रणासाठी हे प्रमाण १३.५ च्या आसपास येते. जुन्या कार्ब्युरेटरचे जेट १४.७ च्या हिशेबाने बसवलेले, तेव्हा इंधन आठ-नऊ टक्क्यांनी अपुरे पडणारच. पण ही उणीव कायमची असते. ती घाटात, पूर्ण पॅडलवर, सर्वांत जास्त जाणवायला हवी होती. आमची गाडी फक्त पाय पडण्याच्या क्षणी अडखळत होती. म्हणजे दोष इंधनाच्या एकूण प्रमाणात नव्हता, तो त्या क्षणाच्या पुरवठ्यात होता. आता संशयित उरला तो पंप.

बरी झालेली गाडी पुन्हा आजारी

वही पाहून मिस्त्री खूश झाले. एंजिन बंद आणि गार असताना त्यांनी एअर फिल्टर काढला, मला गळ्यात डोकावायला सांगितले आणि हाताने दांडी ढकलली. पेट्रोलची बारीक धार दिसायला हवी होती. दिसला तो एक थेंब, आणि तोही उशिरा. त्यांनी पंपाचे झाकण खोलले. आतला पडदा कडक झाला होता आणि कडेला एक चीर होती. त्यांनी नवा पडदा बसवला, धारेचे छिद्र फुंकून साफ केले आणि झाकण लावले. गाडी रस्त्यावर काढली. पॅडल एकदम दाबले आणि गाडी सरळ पळाली.

येथे गोष्ट संपायला हवी होती. पण मला एक शंका आली. मिस्त्रींनी पडदाही बदलला होता आणि छिद्रही साफ केले होते. गुण कशाचा? मी त्यांना म्हणालो, "मिस्त्री, जुना पडदा पुन्हा बसवाल का? दहा मिनिटांसाठी?"

ते हसू लागले. "सर, बरी झालेली गाडी परत आजारी करता?"

पण त्यांनी बसवला. गाडी पुन्हा अडखळली, अगदी पहिल्यासारखी. नवा बसवला, पुन्हा ठीक. आता मात्र खात्रीने सांगता आले की छिद्र साफ असूनही जुन्या पडद्याने गाडी अडखळते, तेव्हा दोष पडद्याचा. तो पडदा वयाने गेला की इथेनॉलने, हे एका पडद्यावरून सांगता येत नाही. इथेनॉलने जुन्या प्रकारचे रबर खराब होऊ शकते हे खरे, पण हा पडदा तसाही बरीच वर्षे जुना होता. जेवढे सिद्ध झाले तेवढेच बोलावे.

चहा घेताना मिस्त्रींनी एक गोष्ट सांगितली. पडदा मिळत नसला की ते मोठ्या छिद्राचे जेट बसवून देतात. त्यांच्या मते जास्त पेट्रोल म्हणजे जास्त जोर. मी त्यांना हवा पुढे आणि पेट्रोल मागे कसे राहते ते समजावले. पंपाची धार एका क्षणासाठी असते, मोठे जेट मात्र सारा प्रवासभर जास्त पेट्रोल पाजते. ते पुरते जळत नाही, कार्बन मोनॉक्साइड वाढतो आणि प्लगवर काजळी धरते. मिस्त्री थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "म्हणून त्या गाड्या महिन्याभरात काळा प्लग घेऊन परत येतात होय!"

काळे प्लग त्यांनी कितीतरी पाहिले होते, कारण मात्र माहीत नव्हते. मला कारण माहीत होते, पण गळ्यात डोकावून पाहण्याची बुद्धी झाली नाही. दोघांचेही शिक्षण अर्धेच झाले होते. आणि माझे म्हणणे असे की हा दोष आम्हा दोघांपुरता नाही, तो आपल्या शाळांचा आहे.

न अडखळणारी प्रयोगवही

आपल्या प्रयोगशाळेत उपकरण कधी बिघडलेले नसते आणि उत्तर कधी अज्ञात नसते. साध्या लंबकाचा प्रयोग करणाऱ्या प्रत्येक मुलाला माहीत असते की उत्तर ९.८ च्या जवळ यायला हवे. ते ८.९ आले तर चूक शोधली जात नाही, निरीक्षणांचे आकडे बदलले जातात. दर वर्षी मी शेकडो प्रयोगवह्या तपासतो. त्यांत एकही अडखळलेली नसते. खोडलेला आकडा नाही, फसलेला अंदाज नाही. ज्या वहीत काहीच चुकत नाही तिच्यातून शिकायला काय मिळणार? आणि दोष मुलांचा नाही. खरे उत्तर ८.९ लिहिले तर गुण जातात, हे त्यांना आम्हीच शिकवले आहे. आम्ही म्हणतो त्यात मीही आलो.

म्हणून माझी सूचना अशी. माध्यमिक शाळेत वर्षातून निदान चार तास "दोष शोधा" या प्रयोगाला द्यावेत. त्यासाठी मोटार लागत नाही. एक सेल, एक बल्ब, एक स्विच आणि तीन तारा पुरतात. शिक्षकांनी आधी गुपचूप एक दोष ठेवावा. आतून तुटलेली तार, उतरलेला सेल किंवा गंज चढलेला स्विच. मुलांनी आधी अंदाज लिहावेत, मग एका वेळी एकच गोष्ट बदलून पाहावी. दोष सापडल्यावर तो पुन्हा घालून बल्ब पुन्हा विझतो का, हेही पाहावे. गुण द्यावेत ते दिवा पेटल्याबद्दल नव्हे. कोणता अंदाज कोणत्या निरीक्षणाने बाद झाला, हे लिहिल्याबद्दल द्यावेत. जेथे जमेल तेथे भंगारातला, पेट्रोलचा वासही उरलेला नाही असा एखादा कार्ब्युरेटर टेबलावर ठेवावा. गावातल्या मिस्त्रींना एक तास बोलवावे, आणि त्या तासाला शिक्षकांनी मागच्या बाकावर बसावे.

काही शिक्षक म्हणतील की वर्गात साठ-सत्तर मुले, तासिका अपुरी, अभ्यासक्रम मोठा. ही अडचण खरी आहे आणि मी ती हसण्यावारी नेत नाही. पण चार तासांत दोष शोधायला शिकलेला वर्ग बाकीचे प्रयोग अधिक लवकर करील, असे मला वाटते. दुसरे कोणी म्हणतील की कार्ब्युरेटरचा काळ संपला. मोटारींतून तो गेला, आणि एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या नव्या प्रदूषण-नियमांनंतर बहुतेक नव्या दुचाकींतूनही गेला. मान्य. पण नव्या गाडीचा संगणक फार तर सांगतो की मिश्रण पातळ आहे. ते हवा गळल्याने की पेट्रोल कमी आल्याने, हे माणसालाच शोधावे लागते. बंद पडलेली विहिरीवरची मोटर असो की आजारी पडलेले भाताचे पीक, प्रश्न तोच असतो. नेमके कधी होते? काय केले की होत नाही? आणि नाक्यावरचे ऐकीव निदान खरे मानण्याआधी ते कसे पारखायचे?

शेवटी दोन सांगणी. पेट्रोलची वाफ सहज पेट घेते, तेव्हा चालत्या वा गरम एंजिनाजवळ तुम्ही स्वतः काहीही उघडू नका. ते काम जाणत्या माणसाचे. पण घरातला बंद पडलेला टॉर्च किंवा सायकलचा सैल ब्रेक यांना तुमची काही हरकत नसावी. एक वही घ्या, पहिल्या पानावर "नेमके कधी?" असे लिहा आणि सुरुवात करा. फसलेले अंदाज खोडू नका. तशी एखादी वही तुम्ही पुरी केलीत, तर मला ती तपासायला फार आवडेल.